ग्राफ्ट पॉलिमरायझेशन : लेप, रोपण की कलम?

नागपूरच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी विचारलंय : पॉलिमर (लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ) कणांच्या पृष्ठभागावर नियंत्रित ग्राफ्ट पॉलिमरायझेशन करतात, म्हणजे तिथे नव्या साखळ्या वाढवतात, त्याला मराठीत लेप म्हणावं, रोपण की कलम?

कलमच म्हणा. काटोल-वरुडकडे जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटाची साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवतात आणि पट्टीने बांधतात. डोळा धरला की तिथूनच फांदी फुटते. प्रयोगशाळेत खुंटाच्या जागी पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा कण असतो, बरेचदा एका मायक्रोमीटरहूनही लहान. डोळ्याच्या जागी असतो त्याच्या पृष्ठभागावर रासायनिक बंधाने बसवलेला आरंभक, म्हणजे साखळीची वाढ सुरू करणारा रेणू. त्याच्यापासून एकवारिकाचे (मोनोमरचे, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्यांचे) रेणू एकेक जोडले जात साखळी वाढते. पाण्यात मिसळणाऱ्या जातीच्या साखळ्या वाढवल्या, तर एरवी पाण्यात गुठळ्या धरणारे कण सुटे राहतात.

'लेप' इथे चुकतो, कारण लेप नुसता बसलेला असतो, तो धुऊन जाऊ शकतो. 'रोपण' म्हटलं की तयार वस्तू आणून लावणं आलं, जसं दंतरोपण. तयार साखळ्या कणाला जोडण्याचीही एक रीत आहे, तिला हा शब्द चालेल. पण त्या रीतीत आधी बसलेल्या साखळ्या नव्यांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून कणावर साखळ्यांची दाटी कमी होते.

'नियंत्रित' हा शब्द मात्र गाळू नका. १९९५ साली मात्याशेव्स्की आणि सावामोटो या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या पद्धतीत साखळीची टोकं बहुतांश वेळ निद्रिस्त असतात. धातूच्या उत्प्रेरकामुळे (अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थामुळे) ती क्षणभर जागी होतात, थोडे रेणू जोडतात आणि पुन्हा निजतात. एका वेळी जागी टोकं फार थोडी, त्यामुळे दोन टोकं भिडून वाढ खुंटणं क्वचितच घडतं आणि साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या होतात.

आता मला फार आवडणारी गोष्ट. 'ग्राफ्ट' हा शब्द मुळात लेखणी या अर्थाच्या ग्रीक शब्दाकडे जातो, कारण कलमासाठी टोकदार कापलेली काडी लेखणीसारखी दिसते. आपलं 'कलम' अरबीतून फारसीमार्गे आलं, तेही बोरूची लेखणीच! दोन्ही भाषांना तीच काडी दिसली.

पॉलिमरायझेशनला मराठी विश्वकोशातलं 'बहुवारिकीकरण' वापरा, 'बहुलकीकरण' हिंदीतलं आहे. प्रबंधाच्या शीर्षकात 'पॉलिमर कणांच्या पृष्ठभागावरील नियंत्रित कलम-बहुवारिकीकरण' असं लिहा. बोलताना 'कणावर कलम केलं' एवढं पुरे.