हरभऱ्याला ‘ताण’ बसतो, ‘तणाव’ नाही

प्रश्न असा आलाय: ‘हरभऱ्याला फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला’ असं वाचलं, तर यात पाणी जास्त झालं की कमी पडलं, आणि हा ‘ताण’ इंग्रजी स्ट्रेसचं भाषांतर आहे का?

कमी पडलं. एवढ्यावर तो भाग संपला. भाषांतराचं मात्र नीट बोलायला हवं, कारण हल्ली ‘जलतणाव’, ‘दुष्काळी तणाव’, ‘पिकांमधील तणाव’ असं इतक्यांदा ऐकू येतं की डोकं फिरतं. अहो, तणाव दंगलीनंतर गावात असतो, दोन देशांच्या सीमेवर असतो. हरभऱ्याला ताण बसतो! आणि हा शब्द शेतातलाच आहे. डाळिंब-संत्र्याची बाग बहारासाठी, म्हणजे एकदम फुलावी म्हणून, पाणी तोडून ताणावर सोडतात, मध्येच अवकाळी येऊन गेला की ‘ताण तुटला’ म्हणतात, पाऊस लांबला की ‘पावसाने ताण दिला’ म्हणतात. यातलं कुठलं वाक्य इंग्रजीतून उतरवलेलं वाटतं सांगा.

आता माझा आवडता मुद्दा. पाऊस लांबला की आपण आणखी काय म्हणतो? ‘पावसाने ओढ दिली.’ ओढ म्हणजे ओढणं, ताण म्हणजे ताणणं, आणि दोन्ही जोडून जो शब्द होतो तो ओढाताण, जी दुष्काळात प्रत्येक घरात असते. म्हणजे पाणी नसणं हे मराठी शेतकऱ्याने नुसतं ‘नसणं’ म्हणून पाहिलंच नाही, कुणीतरी खेचतंय असं पाहिलंय. माझ्या मते या सगळ्या प्रयोगांची किल्ली हीच.

काही जाणकार छातीठोकपणे सांगतात की शेतातला ताण म्हणजे ‘तहान’चंच झिजलेलं रूप, कारण खेड्यात ‘तान लागली’ म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. तहान आली तृष्णा, तण्हा अशा वाटेने, आणि ती तहान, स्त्रीलिंगी. ताण आला ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूवरून, ज्यातून तंतू आणि गाण्यातली तानही आली, आणि तो ताण, पुल्लिंगी. ‘पाण्याची ताण बसली’ असं कुणी म्हणतं का? ‘पावसाने तहान दिली’ म्हणतं का? लिंग इतकं सहज बदलत नसतं, कानाला सारखं लागलं म्हणून दोन शब्दांचं लग्न लावायचं ही सवयच वाईट. याच हिशेबाने शेतातलं तणही यात ओढतील, ते तर सरळ तृणावरून आलंय.

आणि गंमत बघा, विज्ञानही ताणाच्याच बाजूने आहे. झाडात पाणी खालून ढकललं जात नाही, मुख्यतः वरून खेचलं जातं, पानांतून बाष्प गेलं की खालचा पाण्याचा धागा ताणला जातो, हे डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं. तुरीचं पान भर दुपारी देठाशी कापा, पाणी ठिबकत नाही, उलट आत सरकतं, ताणलेलं असतं म्हणून. ते पान बंद डब्यात घालून देठ बाहेर ठेवायचा आणि आत हवेचा दाब वाढवत न्यायचा, ज्या दाबाला कापलेल्या टोकावर पाण्याचा थेंब परत चमकतो तो त्या पानाचा ताण. शोलँडर या शास्त्रज्ञाची ही पद्धत १९६५ ची. मातीतही तेच, वाफशाच्या, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून गेलेल्या ओल्या जमिनीत हा ताण साधारण एक तृतीयांश बार (बार हे दाब मोजायचं एकक) असतो, आणि पीक कायमचं कोमेजतं तिथे १५ बार धरतात.

म्हणूनच ‘ताण म्हणजे सुकणं’ हेही चूक. चवळी बघा, जमीन जरा कोरडी व्हायला लागली की ती पानावरची रंध्रं, म्हणजे हवा-बाष्प ये-जा करायची बारीक छिद्रं, मिटून घेते, पानातलं पाणी फारसं घटत नाही, बांधावरून बघणाऱ्याला पीक हिरवंगार दिसतं, पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि वाढ खुंटते. सोयाबीनमध्ये तर पानांच्या आधी मुळांवरच्या गाठी ढिल्या पडतात, त्यांचं हवेतला नत्र धरणं मंदावतं, वरून काहीच कळत नाही. हरभरा काळ्या रानातल्या उरलेल्या ओलीवर येतो, ओल खाली खाली जाते आणि नेमकं घाटे भरायच्या वेळी मुळांना खेचूनही मिळत नाही.

आणि कृपा करून याला ‘मर लागली’ म्हणू नका. मर हा बुरशीचा रोग आहे, रानात ओल असतानाही लागतो. झाड उपटून खोड बुंध्याशी उभं चिरा, आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर मर. खोड आतून स्वच्छ असेल, दुपारी माना टाकलेली झाडं पहाटे पुन्हा ताठ दिसत असतील, तर तो ताण, आणि विहिरीत पाणी असेल तर त्याच आठवड्यात एक पाणी द्या.