जनुकाची अभिव्यक्ती आणि डोळ्यातलं अंजन

प्रश्न असा आहे: स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावरचा संगणकीय जीवशास्त्राचा लेख मराठीत आणताना ‘जीन एक्स्प्रेशन’ला ‘अभिव्यक्ती’ म्हणावं की ‘प्रकटन’?

अभिव्यक्ती. पण आधी तुमच्या मसुद्यातलं हे वाक्य बघा: ‘ज्या स्त्रियांमध्ये बीआरसीए-१ जनुक असतं…’ अहो, ते सगळ्यांमध्ये असतं, पुरुषांमध्येसुद्धा! डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला ते हातभार लावतं. धोका वाढतो तो त्यातल्या बिघाडाने, म्हणजे उत्परिवर्तनाने. ‘जनुक असतं म्हणून धोका’ हे ऐकून ऐकून कान किटले. आणि उत्परिवर्तन म्हणजे अभिव्यक्ती नव्हे. जनुकाचा मजकूरच बदलला तर ते उत्परिवर्तन. त्या मजकुराच्या आरएनए-प्रती किती निघतात, ती अभिव्यक्ती.

आता खरी गंमत. इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं ‘दाबून बाहेर काढणं’ आहे. आपल्याकडे अभि + वि + अञ्ज्, आणि अञ्ज् म्हणजे माखणं, चोपडणं! अंजन त्यातलंच, अभ्यंगही त्यातलाच. लॅटिनमधलं मलम, ‘उंग्वेंटम’, याच कुळातलं. माखलं की वस्तू उठून दिसते, म्हणून ‘व्यक्त’. आणि २००० साली स्तनाच्या गाठींचे प्रकार जनुकांच्या अभिव्यक्तीवरून पाडले गेले, ते कसे? गाठीतल्या आरएनएपासून केलेल्या प्रतींना लाल चमकता रंग, तुलनेच्या नमुन्याला हिरवा, आणि दोन्ही मिळून काचपट्टीवर, जिथे जनुकागणिक एक ठिपका. ४२ व्यक्तींच्या गाठी, ८,१०२ जनुकं. कुठला ठिपका लाल, कुठला हिरवा, यावरून संगणकाने सारख्या दिसणाऱ्या गाठी एकत्र लावल्या. साक्षात अंजन! योगायोग म्हणा हवं तर, मला तो सोडवत नाही.

‘प्रकटन’वाल्यांचा आक्षेप असा की अभिव्यक्ती कवींची. मग ‘पेशी’ आणि ‘गुणसूत्र’ कुणाची होती? शिवाय प्रकट देव होतात: झाले तर झाले, नाहीतर नाही. इथे सगळा प्रश्न कमी-जास्तीचा आहे. एचईआर-२ हे जनुक निरोगी पेशीतही थोडं व्यक्त होतंच, काही गाठींत भरमसाट होतं. त्याला ‘अति-अभिव्यक्ती’ म्हणता येतं. ‘अतिप्रकटन’ एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आणि हो, जनुक नपुंसकलिंगी. अनेकवचन ‘जनुकं’ किंवा ‘जनुके’. तुमच्या मसुद्यात तीन ठिकाणी ‘जनुका’ आहे.