वाचकांचे प्रश्न : पाळणाघर बघायला दुपारी जा

या वेळी पाळणाघराबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. ज्यांचे प्रश्न एकमेकांशी जुळतात त्यांना एकाच उत्तरात सामावलं आहे.

प्रश्न : बाळ साडेचार महिन्यांचं आहे, बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपते. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातले तीन दिवस जावं लागतं. कंपनीचं पाळणाघर ऑफिसजवळ आहे. घराजवळ दोन आहेत : एक नव्या धर्तीचं, रंगीबेरंगी, रोज ॲक्टिव्हिटी घेणारं, दुसरं एका ताईंच्या फ्लॅटमधलं. सासूबाई म्हणतात, घरी दिवसभराची बाई ठेवा. कसं ठरवू? — एक वाचक, पुणे

बाईचा पर्याय आधी निकालात काढू. घरात दुसरं मोठं माणूस दिवसभर असणार असेल, म्हणजे सासूबाई स्वतः राहणार असतील, तरच तो धरा. तान्ह्या बाळाजवळ एकटी बाई, ती आजारी पडली की तुमची रजा, आणि दिवसभरात काय झालं हे सांगणारं दुसरं कुणी नाही, अशी व्यवस्था फार दिवस टिकत नाही. बाई ठेवलीच तर आधार कार्डाची प्रत, गावाकडचा पत्ता आणि पोलीस पडताळणी हे तिन्ही पहिल्या दिवसाच्या आत. एजन्सीने ‘आम्ही केलंय’ म्हटलं तरी कागद स्वतः बघा.

कंपनीचं पाळणाघर अंगावर पिणाऱ्या बाळासाठी सोयीचं, कारण मधे जाऊन पाजता येतं. पण हिंजवडीच्या वाहतुकीत बाळाला रोज दोन्ही वेळा तास-तासभर गाडीत बसवायचं असेल तर तो फायदा रस्त्यातच संपतो. शिवाय घरून काम करण्याच्या दिवशी ते उपयोगाचं नाही, आणि तुम्हाला उशीर झाला तर बाळाला आणायला नवरा किंवा शेजारी जाऊ शकत नाहीत. तुमच्या वेळापत्रकाला घराजवळचंच बरं.

आता त्या दोघांतलं कुठलं? एका मावशीच्या वाट्याला किती मुलं येतात आणि ती मावशी तिथे किती दिवसांपासून आहे, एवढं आधी काढा. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांच्या आतल्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. ती किमान मर्यादा झाली. दहा तान्ह्यांना एका बाईने पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं होत नाही; मग बाटली उशीला टेकवून ठेवली जाते, बाळ झोपल्या झोपल्या पितं, दूध श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो आणि कानाचे संसर्गही वाढतात. वर्षाच्या आतल्या तीन-चार बाळांमागे एक आणि एक ते तीन वर्षांच्या सहा मुलांमागे एक मावशी, हे आमचं माप. त्याच्या वर आकडा गेला तर भिंतीवरच्या हत्ती-जिराफांकडे बघू नका.

हे प्रमाण सकाळी अकरा वाजता बहुतेक ठिकाणी बरोबर दिसतं, कारण पालकांना बघायला तेव्हाच बोलावतात. तुम्ही दुपारी दीडच्या सुमारास जा. एक मावशी जेवायला बसलेली असते, दुसरी भांड्यांत, आणि नेमकी तेव्हाच दोन बाळं उठून रडायला लागतात. कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, नावाने हाक मारतं का, ते बघा. पुन्हा एकदा संध्याकाळी साडेसहाला जा. तेव्हा मुलं दमलेली, मावश्या घरी निघायच्या घाईत आणि टीव्ही लावलेला असतो. दुपारी मोबाईलवर गाणी लावून भरवतात का तेही कळेल. ‘झोपेच्या वेळी पालकांना आत सोडत नाही’ असं उत्तर आलं तर तिथे पुढे चौकशीच करू नका. मुलांची झोप मोडू नये म्हणून दारातून बघा म्हणणं वेगळं, आणि येऊच नका म्हणणं वेगळं.

झोपायची खोली बारकाईने बघा. वर्षाच्या आतलं बाळ उताणं, टणक गादीवर, तोंडाजवळ उशी-दुपटं नसलेल्या जागी झोपवलं पाहिजे. अनेक पाळणाघरांत झोळी असते. हलती झोळी बाळाला शांत करते हे खरं, पण तिच्या खोलगट कापडात मान छातीकडे वाकते आणि चेहरा कापडात दबतो. आम्ही तरी तिथे तासन्‌तास ठेवलेलं बाळ पसंत करत नाही. खोली काळोखी नको. दारातून प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे.

मग न्हाणीघर. भरलेली बादली ही रांगत्या आणि उठून उभं राहू लागलेल्या मुलासाठी सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे : डोकं जड असतं, ते आत वाकतं आणि त्याला परत वर येता येत नाही. बादल्या रिकाम्या आणि पालथ्या, दाराला वरची कडी. गॅलरीच्या ग्रिलमधलं अंतर चार बोटांपेक्षा फार नको. मुख्य दाराला आतून उंचावर कडी आहे का आणि मुलाला न्यायला येणाऱ्यांची नावं लिहिलेली यादी आहे का, तेही विचारा. ‘आम्ही सगळ्यांना ओळखतो’ ही यादी नव्हे. भिंतीवर फ्रेम केलेल्या शॉप ॲक्टच्या कागदावरून समाधान मानू नका; व्यवसाय नोंदवल्याचा तो पुरावा आहे, मुलं सांभाळण्याची पात्रता कुणी तपासली असा त्याचा अर्थ होत नाही.

ताईंच्या घरगुती पाळणाघरात माणसं बदलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. त्यांना एकच अवघड प्रश्न विचारा : तुम्हाला ताप आला किंवा गावी जावं लागलं तर कोण? मोठ्या पाळणाघराला हाच प्रश्न गणपतीबद्दल विचारा. कोकणातल्या मावश्या तेव्हा गावी जाणार हे उघड आहे. त्या आठवड्यात बदली कोण, की पाळणाघर बंद? दोन्ही उत्तरं चालतील, फक्त ती आधी कळली पाहिजेत.

दुधाचं. आई दूर असताना बाळाला तासाला साधारण 30 ते 45 मिली लागतं, म्हणजे नऊ तासांना 270 ते 400 मिली. ते 60 ते 90 मिलीच्या छोट्या डब्यांत भरा. मोठ्या बाटलीतलं उष्टं उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकावंच लागतं, आणि काढायला किती कष्ट पडतात ते तुम्हालाच माहीत. काढलेलं दूध 25 अंशांच्या खोलीत चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात (दारात नव्हे) चार दिवस टिकतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये मात्र खोलीतल्या चार तासांवर भरवसा नको. आइस पॅकच्या पिशवीतूनच न्या आणि थेट फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. गरम करायचं ते कोमट पाण्यात डबा धरून. मायक्रोवेव्हमध्ये वरून कोमट आणि मधे उकळतं होतं, आणि बाळाची जीभ भाजते. बाटली घेत नसेल तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणारी मावशी आहे का, हे आताच विचारून ठेवा.

रुजू होण्याआधी दोन आठवडे तरी सुरुवात करा. पहिले दोन दिवस तासभर, तुम्ही तिथेच. मग अर्धा तास तुम्ही बाहेर. मग एक पाजणं तुमच्याविना, मग एक झोप, आणि दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस. रजेच्या शेवटच्या शुक्रवारी प्रवेश आणि सोमवारी ऑफिस, असं केलं तर बाळाचेही हाल आणि तुमचेही.

प्रश्न : आमच्या पाळणाघरात प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे आणि मोबाईलवर दिसतो. मग पुढे काळजीचं कारण नाही ना? — एक बाबा, डोंबिवली

आहे. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण राज्यभर गाजली. तिथे कॅमेरा होताच. चित्रीकरणामुळे गुन्हा उघड झाला, पण मुलीला लागल्यानंतर. कॅमेऱ्यासमोर कुणी सतत बसलेलं नसतं, आणि बाथरूममध्ये तो नसतो, नसावाही.

तीन गोष्टी विचारा : चित्रीकरण किती दिवस साठवतात, मागितल्यावर दाखवतात का, आणि मोबाईलवरचं चित्र आणखी कुणाकुणाला दिसतं. सगळ्या पालकांना सगळ्या मुलांचं दिसत असेल तर कपडे बदलण्याची जागा चौकटीबाहेर हवी. कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोग होतो तो संध्याकाळी घरी अंघोळ घालताना मूल नीट बघण्याचा. गुडघे, नडग्या आणि कपाळावरचे खरचटे खेळताना होतात. कान, गाल, मान, पोट, मांड्यांची आतली बाजू इथे वळ दिसले, किंवा अजून सरकूही न लागलेल्या बाळाला कुठेही काळं-निळं दिसलं, तर फोटो काढा, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्याकडून लेखी नोंद घ्या. पाळणाघराशी बोलणं त्यानंतर.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा. सून-मुलगा नोकरीला, सकाळी नऊ ते रात्री आठ मीच बघते. गुडघे साथ देत नाहीत. पाळणाघर म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. अंगणवाडीत ठेवता येईल का? — एक आजी, नाशिक

आजी, दीड वर्षाचं मूल दिवसाला अकरा तास एकट्याने सांभाळणं तरुण माणसालाही झेपत नाही. त्यात गुडघे दुखत असले की मूल गॅलरीकडे धावलं तर तुम्ही तिथे वेळेत पोचत नाही. सुनेला आणि मुलाला सांगताना ‘मला होत नाही’ पेक्षा हे कारण सांगा, ते पटतं.

अंगणवाडीत पूर्वप्राथमिक वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तोही काही तासांचा. तुमच्या नातवाला तिथून घरी नेण्याचा आहार, वजन आणि लसीकरण मिळेल. काही ठिकाणी केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर सुरू झालं आहे. तुमच्या भागात आहे का ते अंगणवाडी सेविकेलाच विचारा. नसेल तर खासगी पाळणाघरात सकाळी साडेनऊ ते एक एवढंच ठेवा. जेवण-झोप घरी, तुमच्याजवळ. मूल सर्वांत जास्त धावतं ते सकाळी, आणि तेवढा वेळ तुमच्यावरून उतरला की उरलेला दिवस निभतो. पूर्ण दिवसाची फी भरा असा आग्रह बरीच पाळणाघरं धरतात. अर्ध्या दिवसाचा दर स्पष्ट मागा.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलगी तीन आठवडे झाले तरी रोज दारात रडते. पाळणाघर बदलावं का? — एक आई, कोल्हापूर

दारातल्या रडण्यावरून ठरवू नका. तुम्ही गेल्यावर ते किती वेळ चालतं, ते विचारा. पाच-दहा मिनिटांत थांबून खेळायला लागत असेल तर ती रमते आहे. तुमच्याही काही सवयी बदला. नजर चुकवून निघून जाऊ नका, कारण मग मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. टाटा करा आणि लगेच निघा. पुन्हा मागे वळून मिठी मारली की रडणं पहिल्यापासून सुरू. ‘लवकर येते’ म्हणू नका, तिला घड्याळ कळत नाही. ‘झोपून उठलीस, दूध प्यालीस की आई आली’ हे कळतं, आणि मग तेव्हा खरंच या.

जेवणं सोडलं, रात्री दचकून उठायला लागली, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, किंवा एका ठरावीक मावशीचं नाव काढताच अंग आक्रसून घेते, तर मात्र तीन आठवडे वाट बघायची नाही.

प्रश्न : पाळणाघराने तापाच्या औषधाची बाटली देऊन ठेवायला सांगितली आहे. द्यावी का? — एक वाचक, ठाणे

नुसती बाटली नको. पॅरासिटामॉल मुलांसाठी वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं आणि घोळ तिथेच होतो. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅमपर्यंत देतात. 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते सव्वासहा मिली, 5 मिलीत 250 असलेल्याचे 3 मिली, आणि 1 मिलीत 100 असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. थेंबांची बाटली संपली म्हणून दुकानातून सिरप आणलं, किंवा उलट झालं, आणि माप तेच ठेवलं तर औषध चौपट जातं किंवा लागूच पडत नाही.

म्हणून बाटलीला चिठ्ठी चिकटवा : मुलाचं नाव, वजन, बाटलीची तीव्रता, किती मिली, दोन वेळांत किमान किती तास (तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले, साधारण सहा). मोजायला बाटलीसोबतची पिचकारी, घरातला चमचा नाही. देण्याआधी तुम्हाला फोन आणि दिल्याची वेळ वहीत. सकाळी औषध पाजून, ताप उतरवून मूल पाळणाघरात सोडणं हा प्रकार सगळ्यांनाच महागात पडतो : दुपारी ताप परत चढतो आणि तोवर बाकीच्यांना लागण होते. औषधाशिवाय 24 तास ताप नसला की मगच पाठवा. कांजिण्यांत प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत घरी.

प्रश्न : कंपनीत 60 जण आहेत, त्यांत बायका अकराच. ‘एवढ्यांसाठी पाळणाघर देणं बंधनकारक नाही’ असं एचआर म्हणतं. बरोबर आहे का? — एक वाचक, मुंबई

नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. मोजणी सगळ्या कर्मचाऱ्यांची, फक्त बायकांची नव्हे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. जेवणाची-विश्रांतीची सुटी त्यातच धरलेली आहे. बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवडे आणि पाळणाघर यांची माहिती रुजू होतानाच लेखी द्यायची असते. एचआरला ईमेलने विचारा, तोंडी नको. कंपनीने स्वतःचं उघडलंच पाहिजे असं नाही. जवळपासच्या कंपन्यांसोबत सामाईक सोयही चालते. एचआरला तो मार्ग सुचवलात तर नकार द्यायला कारण कमी उरतं. तरी उत्तर आलं नाही तर ईमेलची प्रत जोडून कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.