ऑलिव्ह ऑइल आणलं, तरी वजन का वाढलं?

तुम्ही कळवलेला हिशेबच आधी मांडते, उत्तर त्यातच आहे. वजन 84 किलो, शुगर काठावर, डॉक्टर म्हणाले मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांच्या पद्धतीनं जेवा. तुम्ही एक लिटर ऑलिव्ह ऑइल आणलंत, दोन्ही वेळच्या सॅलडवर एकेक मोठा चमचा घेतलात आणि महिन्यानं काटा किलोभर वर. वर आई म्हणतात, हे कसलं रोग्याचं जेवण. बरं, त्या मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात. दोन चमचे 240, महिन्याचे 7,200. किलोभर चरबीला साधारण 7,700 लागतात. काटा बरोबर आहे.

फोडणीचं तेल होतं तेवढंच राहिलं आणि नवं वर आलं, चूक एवढीच. मीही पहिले दोन महिने हेच केलं होतं.

मुळात ही पद्धत वजन उतरवायला निघालेलीच नव्हती. अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी 1958 पासून सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला तो हृदयविकारासाठी. त्यातले ग्रीसच्या क्रीट बेटावरचे लोक तेल भरपूर खात, पण दिवसभर शेतात राबत; जेवणात कडधान्यं, पालेभाज्या आणि ब्रेड, मटण क्वचित. आपण इंदूरकर विजयनगरहून राजवाड्याला जायचं तरी ऑटो बघतो. स्पेनमधला 2013 चा गाजलेला प्रयोगही (2018 मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला) हृदयासाठीच होता, त्यात कमी खा असं कुणाला सांगितलं नव्हतं. वजनासाठी बघायचा तो इस्राएलचा, 2008 चा. 322 माणसं, दोन वर्षं. मेडिटेरेनियन गटातल्या बायकांना 1,500 आणि पुरुषांना 1,800 कॅलरींची मर्यादा होती. सरासरी 4.4 किलो उतरले. दोन वर्षांत! माझे 78 चे 69 व्हायला चौदा महिने लागले, तेव्हा महिन्याच्या काट्यावर रुसू नका.

आता स्वयंपाक. सकाळी एका वाटीत दिवसभराचं तेल काढून ठेवायचं, माणशी चार छोटे चमचे. फोडणी, पोळी, सॅलड, सगळं त्यातूनच. वाटी संपली की पुढची भाजी पाण्याचा हबका मारून. पहिला आठवडा चिडचिड होते, मग हात आपोआप आखडतो. सगळं तेल ऑलिव्हचंच हवं असंही नाही. ऑलिव्हमधलं मुख्य स्निग्धाम्ल, ओलेइक आम्ल, शेंगदाणा तेलातही बरंच असतं. फोडणी त्याची करा, ऑलिव्ह कच्चं वरून घ्या. बाटली छोटी, काळ्या काचेची आणा आणि गॅसपासून लांब ठेवा.

बाकीच्या गोष्टींसाठी मॉलमध्ये जाऊ नका. भूमध्य समुद्राकाठी ज्याच्यावर सगळं चालतं तो काबुली चणा आपल्या माळव्यात पिकतो. सियागंज बाजारात 'डॉलर चना' म्हणा, सगळ्यात टपोरा घ्या. एक वाटी चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, बोटानं चिरडतील इतके मऊ शिजवायचे. गरम असतानाच लसूण, लिंबू, मीठ, भाजलेलं जिरं आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचं वाटण घालून मिक्सरमध्ये फिरवायचे, हेच ते हमस. सैल करायला तेल ओतू नका, बर्फाचं पाणी घाला, लोण्यासारखं होतं. तेल फक्त वरून, छोटा चमचा. तिळाचा हात मात्र आवरा, त्यातही तेलच भरलेलं आहे.

दुसरा दलिया. माळव्याचा कठिया गहू म्हणजे ड्यूरम, ज्याचा पास्ता आणि बल्गर होतो तोच. फरक एवढाच की बल्गर आधी उकडून वाळवलेला असतो, भिजवला की झाला. आपला दलिया कच्चा असतो. मी एकदा नुसता भिजवून सॅलडमध्ये घातला, पाहुणे सभ्यपणे चावत बसले. एक शिटी काढा, ताटात पसरून गार करा. मग दोन मुठी बारीक चिरलेली कोथिंबीर, थोडा पुदिना, टोमॅटो, काकडी, लिंबू आणि दलिया फक्त अर्धी वाटी. हिरवं जास्त, दाणे कमी, हे उलटं झालं की तो उपमा होतो.

वांग्याचं भरीत तर आपलंच. फोडणीऐवजी लिंबू-लसूण घाला. चक्क्यात किसून पिळलेली काकडी आणि लसूण घातला की ग्रीक कोशिंबीर. पनीरचे तुकडे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवले तर फेटा या खारट ग्रीक चीजची तहान ताकावर भागते.

पोहे सोडायला सांगत नाही, इंदुरात राहून कोण ऐकेल? आपले पोहे वाफेवरचे, तेल बेताचंच. घात करते ती वरची सेव आणि शेजारची जलेबी. सेव अगदीच राहवत नसेल तर चमचाभर, आणि शंभर ग्रॅममध्ये 550 च्या आसपास कॅलरी असतात हे आठवून. सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, मी महिन्यातून एकदा ठेवलाय, थंडीत गराडूसाठी (तळलेल्या कंदासाठी) दोनदा. त्या दिवशी रात्रीचं जेवण नाही, एवढंच पथ्य.

शुगरची गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर एखाद्या दुपारी शुगर उतरून हात थरथरायला लागतील.

राहिल्या तुमच्या आई. त्यांच्यासमोर 'हमस' हा शब्द काढू नका, चण्याची चटणी म्हणा आणि गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. आमच्या सासूबाई दोनदा मागून घेतात, आणि अजून विचारतात, यात दही किती घातलंस गं?