ऑपरेशन झालं, तरी नाक बंदच!

"सायनसचं ऑपरेशन करून काय उपयोग? पुन्हा होतंच म्हणे." कान-नाक-घसा विभागात समुपदेशन करताना हे मी सतत ऐकते. ऑपरेशन करून घेतलेल्यांचा दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, "मॅडम, आधीपेक्षा जास्त चोंदलंय. फसलं वाटतं." मला या दोन्ही शंकांचं मूळ एकच दिसतं. ऑपरेशन म्हणजे आजाराचा शेवट, असं आपण धरून चालतो. सुनंदाताईंची (नाव बदललं आहे) हकीकत त्यासाठीच सांगते.

सुनंदाताई नाशिकच्या, पन्नाशीच्या. घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात, आणि त्यांच्या चकलीच्या भाजणीला मोठी मागणी असते. कित्येक वर्षं नाक चोंदलेलं, घशात कफ उतरणारा, भुवयांमध्ये दडपण. याची त्यांनी सवय करून घेतली होती. वास गेला त्याची मात्र सवय होईना. धान्य भाजताना त्या सुनेला शेजारी उभं करायच्या आणि विचारायच्या, "सुटला का गं वास?" डोकेदुखीबद्दल बोलताना त्या शांत होत्या, हे सांगताना रडल्या. वास न येणं घरच्यांना किरकोळ वाटतं. ज्याचा वास जातो त्याला जेवण बेचव लागतं, दूध करपलेलं कळत नाही, गॅस सुटला तरी कळत नाही. त्याची भीती आणि लाज दोन्ही मनात साठत जातात.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांच्या सुजेची लक्षणं 12 आठवड्यांहून जास्त टिकली की त्याला जुनाट सायनसायटिस म्हणतात. ताईंच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप होते, म्हणजे सुजून लोंबणारं अस्तर. आपल्याकडे 'नाकात मास वाढलंय' म्हणतात ते. स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, गोळ्या हे सगळं करून झालं होतं. सीटी स्कॅन पाहून सर्जननी दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सल्ला दिला आणि ताई गप्प झाल्या.

कारण नंतर कळलं. 2021 मध्ये कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीत त्यांच्या दिरांचा डोळा गेला होता. 'सायनसचं ऑपरेशन' या शब्दांबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर तो चेहरा येत होता. त्या वर्षी महाराष्ट्रात अनेक घरांनी हे पाहिलं, त्यामुळे ही भीती मला अजूनही वारंवार भेटते. "तसं काही होत नाही हो" म्हणून ती जात नाही. काळी बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथला भाग मरतो आणि आजार काही दिवसांत पसरतो. जीव वाचवण्यासाठी मेलेला भाग काढावा लागतो, कधी डोळासुद्धा. तिथे डोळा आजाराने नेलेला असतो. ताईंचा आजार वर्षानुवर्षं सुजलेल्या अस्तराचा. यात चेहऱ्यावर कुठे चीर नसते. नाकपुडीतून दुर्बीण घालून पॉलिप काढतात, सायनसची अरुंद झालेली तोंडं मोकळी करतात आणि चांगलं अस्तर जपतात. ही पद्धत ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात मेसरक्लिंगर या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या कामातून घडली आणि 1980 च्या दशकात जगभर पसरली. त्याआधी ओठ वर उचलून दातांच्या वरचं हाड फोडायचे. घरातली वडीलधारी मंडळी ज्या भयंकर गोष्टी सांगतात, त्यांतल्या बऱ्याच त्या काळातल्या असतात.

धोका शून्य आहे असं मी कधीच सांगत नाही. डोळा आणि सायनस यांच्यामध्ये पातळ हाड असतं, वरच्या बाजूला मेंदू असतो. गंभीर इजा शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होते, पण होऊ शकते. म्हणूनच आधी स्कॅन बारकाईने वाचतात. सर्जनना विनंती करून ताईंना त्यांचा स्वतःचा स्कॅन दाखवला. डोळा कुठे, पॉलिप कुठे, मधलं हाड कुठे. बोट ठेवून त्यांनी दोनदा विचारलं आणि मग सही केली. आपला स्कॅन पाहण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाने मागावा असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या आठवड्यात फोन आलाच. "पोराचे पैसे पाण्यात गेले, मॅडम."

त्यांना सुनेसह बोलावून घेतलं. नाक धुताना तपकिरी गाठी पडल्या म्हणून घाबरून त्यांनी धुणंच थांबवलं होतं. शेजारणीने 'स्टिरॉइड वाईट' म्हटल्यामुळे स्प्रेही बंद होता. खरं तर पहिले काही दिवस रक्तमिश्रित पाणी येणं, आतून सूज राहणं, खपल्या धरणं हे सगळं अपेक्षित असतं. खपल्या ओपीडीत दुर्बिणीखाली साफ करतात, आणि धुण्याने त्या सैल होतात. अस्तर पूर्ण भरून यायला दोन-तीन महिनेही लागतात. नाकातल्या स्प्रेचं औषध रक्तात फारच थोडं जातं; स्टिरॉइडच्या गोळ्यांची भीती त्याला लावू नये. स्प्रे उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारायचा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. जलनेती ताईंना माहेरपासून माहीत होती, मात्र त्या नळाचं पाणी घेत होत्या. तसं पाणी नाकात घालू नये. त्यातल्या अमिबामुळे मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाल्याच्या घटना आहेत. पाणी उकळून गार केलेलंच हवं.

हे सांगायला थोडाच वेळ लागला. जास्त वेळ गेला तो पैशांच्या बोलण्यात. आयुष्यात पहिल्यांदाच घरात एवढा खर्च त्यांच्या स्वतःच्या शरीरावर झाला होता. त्याची परतफेड लवकर बरं होऊन करायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून त्या आठव्या दिवशी पातेली उचलायला लागल्या, वाकून ओटा पुसायला लागल्या. त्यात घरातलं प्रत्येक जण मायेने रोज विचारायचं, "आला का वास?" रोज 'नाही' म्हणताना त्यांना आपणच नापास झाल्यासारखं वाटे. सुनेला मी एवढंच सांगितलं की हा प्रश्न महिनाभर घरात कुणीही विचारायचा नाही. "आज धुतलंत का?" हे खुशाल विचारा.

सूज उतरल्यावर सर्जनना विचारून वासाचा सराव सुरू केला. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी तेल. दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीसेक सेकंद हुंगायचं आणि मूळ वास आठवायचा. दुसऱ्या महिन्यात लवंग कळली, पुढे हिंग. गुलाब अजून नीट कळत नाही. सगळ्यांचा वास पूर्ण परत येतोच असं नाही, हेही त्यांना माहीत आहे.

पॉलिप पुन्हा होतील का? होऊ शकतात. सूज धरण्याची अस्तराची प्रवृत्ती ऑपरेशनने जात नाही. वाट मोकळी झाल्यामुळे औषध आतपर्यंत पोचतं, एवढं मोठं काम ते करतं. ज्यांना दमा आहे किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यात पॉलिप पुन्हा येण्याची शक्यता जास्त, आणि हे त्यांनी ऑपरेशनआधीच ऐकायला हवं. तेव्हा धुणं, स्प्रे आणि तपासणी पुढेही चालूच राहते.

ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकावं, झोपताना डोकं उंच ठेवावं. डोळ्याभोवती सूज आली, दिसणं धूसर किंवा दुहेरी झालं, लाल रक्त थांबेना, पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकू लागलं, किंवा तापाबरोबर डोकं फार दुखून मान ताठली, तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका. रात्र असली तरी थेट रुग्णालयात जा.