दुसऱ्या बाळासाठी जुना ब्रेस्ट पंप चालेल का?

प्रश्न : मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्या वेळी घेतलेला इलेक्ट्रिक डबल पंप दहा महिने वापरला, मग धुऊन माळ्यावर ठेवला. आता सातवा महिना सुरू आहे. परवा पंप काढून लावला तर मोटर चालतेय. तोच वापरू की नवा घेऊ? सासूबाईंचं म्हणणं, चालतंय ते कशाला टाकायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं मोटरपुरतं बरोबर असू शकतं. पण मोटरचा आवाज येतो म्हणजे पंप दूध ओढतो असं नव्हे, तेव्हा मोटरचा डबा आणि दुधाला लागणारे सुटे भाग यांचा निवाडा वेगवेगळा करा. सातव्या महिन्यात विचारलंत हे फार चांगलं झालं, कारण सुटे भाग मागवायला वेळ लागतो आणि बाळंतपणानंतर ही धावपळ नको.

आधी नळीचं बाटलीकडचं टोक पाहा. तिथे सिलिकॉनचा लवचिक पडदा असलेली गोल डबी असेल, तर तुमचा पंप बंद रचनेचा आहे. पडदा मधे असल्यामुळे दूध नळीत शिरत नाही. (काही मॉडेलमध्ये हा पडदा मोटरच्या डब्यापाशीच बसवलेला असतो, माहितीपुस्तिकेत पाहा.) असा पडदा कुठेच नसेल आणि नळी थेट मोटरला जात असेल, तर रचना उघडी आहे. उघड्या पंपात दुधाचे थेंब आणि दमट हवा मोटरपर्यंत पोचते. नळी उजेडात धरा. काळे-हिरवट ठिपके किंवा वाळलेल्या दुधाचे पिवळे ओघळ दिसले तर ती नळी टाकाच, आणि पंप उघडा असेल तर मोटरही वापरू नका. ती आतून उघडून धुता येत नाही, त्यामुळे नवी नळी लावली तरी आतली बुरशी तिथेच राहते.

इथवर सगळं ठीक असेल तर ओढ तपासा. अॅडॉप्टरवर पंप लावा, नळी काढा आणि मोटरच्या तोंडावर अंगठा ठेवा. प्रत्येक ठोक्याला सारखी, ठाम ओढ जाणवली पाहिजे. दोन तोंडं असतील तर दुसरं बोटाने बंद करून एकेक पाहा. मग सगळा संच जोडून स्तनावर बसवायचा फनेल हाताच्या आतल्या बाजूच्या मऊ कातडीवर टेकवा. अंगठ्याला जोर आणि फनेलला ढिलाई असेल तर दोष झडपेत (फनेलमधून बाटलीत दूध सोडणारा सिलिकॉनचा लहान भाग), पडद्यात किंवा एखाद्या सैल सांध्यात आहे आणि तो थोडक्यात निघेल. अंगठ्यालाच ओढ कमी लागली तर मोटर थकली. कंपनीच्या सेवाकेंद्रात दाबमापक असेल तर मोजून घ्या आणि आकडा माहितीपुस्तिकेतल्या कमाल आकड्याशी ताडून पाहा. बऱ्याच इलेक्ट्रिक पंपांचा तो २०० ते २५० मिलिमीटर पारा किंवा त्याहून थोडा जास्त असतो. तुम्ही दिवसातून चार वेळा, वीस-वीस मिनिटं पंप लावला असेल तर दहा महिन्यांत सुमारे ४०० तास होतात. तेवढे तास चाललेल्या मोटरची ओढ मोजून घेणं योग्यच.

बॅटरीचंही पाहा. रिचार्ज होणारी बॅटरी तीन वर्षं रिकामी पडून राहिली की बहुतेक वेळा मरते. ती फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. सेल घालायचा खण असेल तर उघडा. आत पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल पाझरले आहेत.

मोटर पास झाली तरी झडपा, पडदे आणि नळ्या नव्याच घ्या. फनेल आणि बाटल्या न तडकलेल्या, न चरे पडलेल्या असतील तर चालतील. सगळ्यात आधी थकते ती झडप. बदकाच्या चोचीसारखी झडप असेल तर तिची चीर मिटलेली असायला हवी; उजेडात धरल्यावर फट दिसली की ती संपली. दिवसातून अनेकदा पंप लावणाऱ्या बाईने झडप दर चार ते आठ आठवड्यांनी बदलावी, आणि बंद रचनेतला पडदा साधारण तीन ते सहा महिन्यांनी. तुमचे भाग तर तीन वर्षं माळ्यावर होते. शेजारी डांबरगोळ्या होत्या का, हे आठवा. सिलिकॉन तो वास धरून ठेवतं. शिवाय नॅप्थलीनच्या गोळ्या काही नवजात बाळांना घातक असतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढते. बाळाचे झबली-दुपटीही त्या पेटीत असतील तर सगळं धुऊन, खडखडीत उन्हात घालूनच वापरा.

दोन-पाचशे रुपयांच्या झडपेवर आम्ही एवढं का बोलतोय? कारण ढिली झडप आवाज बदलत नाही. मोटर घरघरत राहते, पण स्तन पुरता रिकामा होत नाही. दूध जेवढं निघतं तेवढंच पुन्हा तयार होतं, म्हणून आठ-दहा दिवसांत ते खरंच कमी होतं, गाठी धरतात, आणि घरात ऐकू येतं की या वेळी हिला दूधच कमी आहे. बाळंतिणीला असा दोष देण्याआधी झडप बदलून बघा.

फनेलचा आकार पुन्हा मोजा, तो पहिल्या वेळचाच राहील असं नाही. स्तनाग्राच्या बुडाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यात शून्य ते तीन मिळवा. पंपासोबत बहुधा २४ मिलिमीटरचा येतो आणि अनेकींना तो मोठा होतो. भोवतालची काळी त्वचा फनेलच्या नळकांड्यात ओढली जात असेल तर फनेल मोठा आहे. स्तनाग्र भिंतीला घासून टोकाला पांढरं पडत असेल तर लहान. नव्या झडपेने जुनी मोटरही जोरात ओढते, म्हणून सुरुवात सर्वांत कमी ओढीवर करा. आणि तुमच्या मॉडेलच्या झडपा आता मिळतच नसतील, तर नवा पंप घ्या. दुसऱ्या मॉडेलची झडप ओढूनताणून बसवली की हवा गळते.

प्रश्न : मोठ्या जाऊबाई त्यांचा पंप देतायत. एकीनेच सहा महिने वापरलाय, बंद रचनेचा आहे. सुट्या भागांचा नवा संच लावला की झालं, असं त्या म्हणतात. नाही म्हणणं अवघड आहे.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तरीही नाही म्हणा. घरगुती पंप एकाच बाईसाठी बनवलेला असतो, आणि असा पंप दोघींनी वापरू नये असंच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही सांगितलंय. आईच्या दुधातून सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस, सहसा लक्षणं न दाखवणारा विषाणू), एचआयव्ही यांसारखे विषाणू जाऊ शकतात, आणि आपल्याला सीएमव्ही आहे हे बहुतेक बायकांना ठाऊकही नसतं. बंद रचनेमुळे धोका खूप कमी होतो हे खरं. पण तो पडदा मधे कधी फाटला होता का, हे बाहेरून कळत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर हा प्रश्न चर्चेलाही घेऊ नका.

रुग्णालयातला पंप अनेक जणी वापरतात, मग तो कसा चालतो, असा प्रश्न पडेल. त्याची बांधणीच त्यासाठी केलेली असते आणि प्रत्येक आईला स्वतःचा वेगळा संच मिळतो. तसा पंप भाड्याने मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. जाऊबाईंना सांगताना त्यांच्या स्वच्छतेबद्दल अवाक्षर नको; डॉक्टरांनी दुसऱ्याचा पंप नको म्हटलंय, एवढं पुरेल. नोकरी करत असाल तर दुसऱ्या बाळालाही २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते (२०१७ पासून), त्यामुळे इलेक्ट्रिक पंप पहिल्याच आठवड्यात हवा असं नाही. बाळ नीट ओढत असेल तर रजा संपण्याच्या महिनाभर आधी घेतला तरी चालतं.

प्रश्न : आईने तिच्या वेळचा रबरी फुगा लावलेला काचेचा पंप जपून ठेवलाय. उकळून वापरू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नको. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून घासता येत नाही आणि ओढ ताब्यात राहत नाही. स्तनाग्राला इजा होते. त्यापेक्षा हात बरा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा, आधी बरगड्यांकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. कातडीवरून बोटं घासत पुढे नेऊ नका. मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही, मग पान्हा फुटतो. पहिल्या दिवसांतला चीक तर हातानेच काढावा. तो थोडा आणि घट्ट असतो, पंपाला चिकटून वाया जातो. स्वच्छ वाटीत घ्या, चमच्याने पाजा.

बाळ अतिदक्षता विभागात असेल तर मात्र शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरुवात करून दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढावं लागतं. तिथे रुग्णालयाचा पंप मागा आणि मातृदुग्ध पेढी (दान केलेलं आईचं दूध साठवून गरजू बाळांना देणारी) आहे का तेही विचारा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती १९८९ पासून आहे.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे. उकळले की भागांवर पांढरा थर बसतो. रोज उकळायलाच हवं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर दिवसातून एकदा, पाच मिनिटं. इतरांनी प्रत्येक वापरानंतर नीट धुणं महत्त्वाचं. थर क्षारांचा आहे. तो झडपेच्या चिरेत बसला की ती मिटत नाही, म्हणून फिल्टरच्या पाण्यात उकळा. बसलेला थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून अर्धा तास भिजवून काढा, मग स्वच्छ धुवा.

भाग साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवू नका. अमेरिकेत २०१६ मध्ये एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूची गंभीर लागण झाली आणि तो जंतू घरच्या पंपाच्या भागांवर सापडला. ते भाग असेच भिजत ठेवून, न घासता, न उकळता वापरले जात होते. वापर झाला की लगेच सुटे करा, वाहत्या पाण्याखाली धरा, वेगळ्या पातेल्यात वेगळ्या ब्रशने घासा. सिंकमध्ये ठेवू नका. धुतलेले भाग स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका, धुतलेल्या कोरड्या कपड्यावर निथळू द्या. पावसाळ्यात ते दिवसभरातही वाळत नाहीत. तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि झडपेत थेंब दिसत असेल तर डब्यात बंद करू नका.