गिब्सन कंपनीची १९५८ची, इंग्रजी ‘V’च्या आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ ही इलेक्ट्रिक गिटार एवढी महाग का? तिचा आवाज खरंच वेगळा असतो का?

आवाजाचं आधी सांगतो. मूळ फ्लाइंग व्ही मी कधी हातात घेतलेली नाही, माझ्याकडे आहे ती बऱ्याच नंतरची, त्याच आकाराची. पण १९५८च्या व्हीमध्ये जे हमबकर पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) होते तेच गिब्सनच्याच त्या काळच्या ‘लेस पॉल’ गिटारमध्येही होते, गिब्सनच्या सेठ लव्हर यांनी बनवलेले. तारेची लांबी दोन्हीकडे साधारण पावणेपंचवीस इंच. व्हीमध्ये तारा मागून, लाकडाच्या आरपार ओवलेल्या असतात, त्याने थोडा फरक पडत असेल. पण नुसतं रेकॉर्डिंग ऐकून ‘ही व्हीच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. लाखाच्या वर डॉलर जातात ते आवाजासाठी नव्हे.

ती दुर्मीळ आहे, कारण ती तेव्हा खपली नाही. १९५४ मध्ये फेंडर या प्रतिस्पर्धी कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली आणि तिच्यापुढे मिशिगनमधल्या कलामाझूची गिब्सन कंपनी जुन्या वळणाची दिसू लागली. अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना ती छबी पुसायची होती. मोटारींना मागे पंख फुटण्याचे दिवस होते, ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिकही वर गेला. अशात बाणाच्या टोकासारखी गिटार बाजारात आली, किंमत २४७.५० डॉलर. दुकानदार बिचकले. कंपनीच्या नोंदींप्रमाणे १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७ गिटारी बाहेर पडल्या, की कारभार आटोपला. उरलेल्या सुट्या भागांतून पुढे थोड्या जुळवल्या गेल्या, तेवढंच.

लाकडाचीही एक गंमत आहे. मूळ व्ही ज्या लाकडाची, ते ‘कोरिना’ म्हणून मिरवतं, पण आहे ते पश्चिम आफ्रिकेतल्या लिंबा या झाडाचं लाकूड. वनस्पतिशास्त्रात ते टर्मिनॅलिया, म्हणजे आपल्या ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांचं भावंड! रंग फिकट पिवळसर, त्यामुळे वर नुसतं लॅकर मारलं तरी शोभतं. १९६७ मध्ये गिब्सनने व्ही पुन्हा काढली ती मात्र महोगनीत. ओवलेल्या तारा गेल्या, पिकगार्डही (लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) मोठा झाला. म्हणून संग्राहकांचा जीव १९५८-५९च्या गिटारींवरच.

माझ्या मते तिला खरी किंमत आणली ती वाजवणाऱ्यांनी, आणि त्यात पहिलं नाव अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग यांचं. ते डावखुरे. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता सरळ उलटी धरायचे, म्हणजे बारीक तार वर आणि जाड तार खाली. अशी उलटी धरलेली लेस पॉल अडचणीची होते, कारण शेवटच्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या पडद्यांपर्यंत) हात जावा म्हणून कापलेली तिची खाच चुकीच्या बाजूला जाते. व्ही दोन्ही बाजूंनी सारखी! कशीही धरा, शेवटच्या फ्रेटपर्यंत हात जातो. फक्त आवाजाची बटणं वरच्या पंखावर येतात. बारीक तार वरच्या अंगाला असल्यामुळे किंग ती जमिनीच्या दिशेने ओढायचे, सितारिया मींड घेताना ओढतो तशी, आणि त्या ओढण्यात अख्ख्या हाताचा जोर असायचा. ब्लूजमधले पुढचे किती तरी वादक तो सूर पकडायला धडपडले. अमेरिकन गिटारवादक लॉनी मॅक यांच्याकडेही १९५८चीच व्ही होती. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९७० मध्ये इंग्लंडमधल्या आयल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवात डाव्या हाताची व्ही वाजवली, आणि नंतर हेवी मेटलवाल्यांनी तो आकारच आपला करून टाकला. हे सगळे नसते तर ९८ न खपलेल्या गिटारींना कुणी विचारलं असतं?

बसून वाजवता येत नाही असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. सवयीप्रमाणे मांडीवर आडवी ठेवलीत तर घसरते. जुन्या व्हीच्या कडेला म्हणूनच रबराची पट्टी असायची. पण व्हीची बेचकी उजव्या मांडीवर अडकवली, एक पंख दोन्ही पायांच्या मधे घेतला आणि गिटारची मान जरा उंच केली की ती शास्त्रीय गिटारसारखी पक्की बसते. मी रियाज असाच करतो.

घ्यायची असेल तर नव्या काळातली, साधी महोगनीची घ्या, आणि दुकानात पट्टा लावून उभं राहून वाजवून बघा. ‘मूळ कोरिना, स्वस्तात’ अशी ऑफर कुणी दिली तर दोन पावलं मागे सरका. तो आकार कापणं कुठल्याही चांगल्या सुताराला जमतं.